पायांनी पाहिलेलं फ्लोरेन्स

मैत्रिणींनो, गेल्या खेपेला उरलेल्या पोळ्यांचे प्रकार लिहिताना शेवटी मी एक ओळ टाकली होती, की पुढचा मजकूर जरा लांबून येईल. तो आलाय इटलीतल्या फ्लोरेन्सहून. घाबरू नका, विमानात काय खायला दिलं आणि ढग कसे कापसासारखे दिसले, ते काही मी सांगणार नाही. मला सांगायचं आहे ते चालण्याबद्दल.

झालं असं, की यांच्या कारखान्यात नवं मशीन यायचं ठरलं आणि ते शिकून घ्यायला यांना बारा दिवस इटलीला पाठवायचं निघालं. मशीन करणारा कारखाना फ्लोरेन्सपासून आगगाडीनं तासाभरावर, मुक्काम फ्लोरेन्सला. यांचा खर्च कंपनीचा. माझ्या तिकिटाला दोन भिशींचे पैसे आणि अर्धवेळ शिकवण्यातून बाजूला टाकलेली पुंजी कामी आली. भाऊबीज झाली होती, शाळेला अजून सुट्टी होती. प्रश्न होता मुलांचा. थोरला सहावीत, धाकटी दुसरीत. “तू जा. मी हाय न्हवं?” असं सासूबाई म्हणाल्या आणि विषय संपला. जाऊबाईंनी मात्र “बारा दिवस पोरांना सोडून राहवेल तुम्हांला?” असं विचारलंच. ते वाक्य माझ्याबरोबर विमानात बसून आलं.

निघायच्या आदल्या रात्री सासूबाईंनी माझ्या हातात कागदाची एक पुडी ठेवली. अंबाबाईचं कुंकू. म्हणाल्या, “आपलं महाराज हायत तिकडं. त्यांच्या पायाशी ठेवून ये.”

कुठले महाराज, हे मला माहीत नव्हतं. लपवण्यात अर्थ नाही. राजाराम कॉलेजातून मी बी.ए. झाले, पण कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते राजाराम कोण, असं कुणी विचारलं असतं तर ‘शाहूमहाराजांचे चिरंजीव’ असं ठोकून मोकळी झाले असते. चौथी शिकलेल्या सासूबाईंना मात्र ठाऊक होतं. त्यांच्या आजेसासऱ्यांच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं, की फार वर्षांपूर्वी एक कोवळा राजा विलायतेला गेला आणि माघारी आला नाही. मग मी पुस्तकं काढून वाचलं. ते पुढे सांगते.

पहिले दोन दिवस मी खोलीत बसून काढले. हे सकाळी साडेसातच्या गाडीनं जात ते संध्याकाळी सातला येत. कोल्हापुरात पाच मिनिटं मोकळी मिळत नाहीत म्हणून रडणारी मी, इथे अख्खा दिवस माझा, तर रुमाल धू, चहा कर, खिडकीतून खाली बघ, यातच वेळ घालवला. माझ्या ध्यानात आलं, की लग्नाला तेरा वर्षं झाली, पण हातात पिशवी नाही, कुणाचं औषध आणायचं नाही, मुलांना सोडायचं-आणायचं नाही, आणि तरी मी रस्त्यानं चालले आहे, असं एकदाही झालेलं नाही. तुम्हीही आठवून पाहा. मंडई, शाळा, देऊळ, बँक. बाई रस्त्यावर दिसली की तिला काहीतरी काम असतंच.

तिसऱ्या सकाळी आमच्या घरमालकीणबाईंनी माझ्यापुढे गावाचा नकाशा पसरला आणि पेनानं त्यावर एक वर्तुळ काढलं. त्यांना इंग्रजी बेताचं, मला इटालियन शून्य. वर्तुळाच्या एका टोकाला बोट ठेवून त्यांनी दुसऱ्या टोकापर्यंत दोन बोटं चालवली आणि घड्याळ दाखवलं. अर्धा तास! एवढंच काय ते जुनं गाव. मी चपला बदलल्या आणि निघाले.

इथे एक घरगुती सूचना. जुन्या फ्लोरेन्सच्या रस्त्यांना मोठाल्या दगडी फरश्या आहेत, झिजून गुळगुळीत झालेल्या, आणि मध्ये फटी. नवे बूट घालून जाऊ नका, महिनाभर घरी वापरून जुने झालेलेच घ्या. पाऊस पडला की फरशी निसरडी होते. मी साडी ठेवली संध्याकाळपुरती. दिवसा पंजाबी ड्रेस, वर लोकरी जाकीट आणि एक मोठी ओढणी. थंडीला उपयोगी, आणि चर्चमध्ये उघड्या खांद्यांनी सोडत नाहीत, तिथे तर ओढणीवालीची ऐटच असते.

आमची खोली स्टेशनाजवळ. तिथून मोठ्या चर्चपर्यंत, ज्याला तिथले लोक ‘दुओमो’ म्हणतात, चालत दहा-बारा मिनिटं. अंबाबाईच्या देवळापासून रंकाळ्यावर जायला लागतात तेवढीच. गल्ल्या अरुंद आणि दोन्ही बाजूंना उंच घरं, त्यामुळे समोर काय येणार ते कळत नाही. आणि मग एका वळणावर तो लाल घुमट गल्लीच्या तोंडाशी एकदम येऊन उभा राहतो. मी चक्क थांबले. मागून येणारा माणूस माझ्यावर आपटला आणि त्यानंच माफी मागितली.

या चर्चचं बांधकाम १२९६ साली सुरू झालं. भिंती उठल्या, पण घुमटाची जागा उघडीच राहिली, कारण एवढं मोठं भोक झाकायचं कसं ते कुणाला सुचेना. रुंदीला तो आपल्या विजापूरच्या गोलघुमटाच्या जवळपास आहे, पंचेचाळीस मीटरच्या आतबाहेर, म्हणजे कल्पना येईल. एवढ्या उंचीवर खालून लाकडी आधार उभा करायचा तर लाकूड तरी किती लागेल? शेवटी ब्रुनेलेस्की नावाच्या, मूळ सोनारकाम शिकलेल्या माणसानं ते काम अंगावर घेतलं. घुमट दोन पदरी केला, आत एक आणि बाहेर एक, आणि विटा अशा तिरक्या-उभ्या गुंफल्या की खालून आधाराचा सांगाडा न लावता थर आपला आपण तोलून राहील. १४२० ते १४३६, सोळा वर्षं लागली. विटांची ती वीण मला पाहताक्षणी ओळखीची वाटली. टोपलीची वीण असते ना, तशीच. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि तिकीट आधी काढावं लागतं. मी गेले नाही. गुडघे मला पुढच्या दिवसांसाठी हवे होते.

पण घुमटाचा मला झालेला खरा उपयोग वेगळाच. वाट चुकलं की मान वर करायची. कुठूनतरी तो दिसतोच. आणि वाट चुकतेच! एकतर तिथले घरांचे क्रमांक. एकाच रस्त्यावर दोन वेगळ्या माळा चालतात. दुकानांचे आकडे लाल, राहत्या घरांचे काळे किंवा निळे. त्यामुळे काळ्या दहाच्या शेजारी लाल चाळीसही असू शकतो. पहिल्या दिवशी मी एक दुकान शोधत त्याच गल्लीत तीनदा खालीवर केलं. भाजीवालीनं शेवटी हात धरून आकड्याचा रंग दाखवला.

गल्ल्यांची नावं मात्र आपल्यासारखीच. दुओमोपासून मोठ्या चौकाकडे जाणारा रस्ता पायमोजे आणि तुमानी शिवणाऱ्यांचा. आसपास लोकरी कापड कातरणाऱ्यांची गल्ली, कातडी लोकरवाल्यांची गल्ली. आता तिथे सगळी परदेशी कपड्यांची दुकानं, पण नाव टिकलं आहे. आपल्याकडेही कुंभार गल्लीत आता कुंभार किती उरलेत म्हणा.

त्या दिवशी मी दुओमोपासून दुसऱ्या बाजूला, उत्तरेला गेले, आणि बरं झालं गेले. दहा मिनिटांवर एक शांत चौक आहे, आन्नुन्त्सियाता नावाचा. एका अंगाला कमानींची लांब पडवी, आणि प्रत्येक दोन कमानींच्या मध्ये निळ्या गोलात पांढरं बाळ. बाळंत्यात गुंडाळलेलं, दोन्ही हात पसरलेलं. तकतकीत झिलईची ही मातीची बाळं १४८७ सालची. इमारतीचं नाव ‘इन्नोचेन्ती’, म्हणजे निष्पाप. टाकून दिलेल्या मुलांसाठी बांधलेलं हे घर. आराखडा त्याच ब्रुनेलेस्कीचा, आणि पहिलं मूल आलं ते १४४५ च्या फेब्रुवारीत. मुलगी होती. आगाता तिचं नाव ठेवलं.

आत आता संग्रहालय आहे. एका खोलीत भिंतभर छोटे छोटे खण आहेत आणि प्रत्येक खणात एक वस्तू. अर्धं कापलेलं पदक. अर्धं नाणं. एखादा मणी, रिबिनीचा तुकडा. मूल सोडताना आई त्याच्या अंगावर अशी अर्धी वस्तू बांधायची आणि दुसरा अर्धा स्वतःजवळ ठेवायची. दिवस पालटले तर परत येऊन सांगता यावं, की हे माझं. तिथे दिसतात ते अर्धे मुलांकडचे. म्हणजे दुसरा अर्धा परत आलाच नाही.

मी त्या खोलीत किती वेळ होते सांगता येत नाही. जाऊबाईंचं ते वाक्य आठवत होतं. माझी दोघं आजीजवळ मजेत होती, धाकटीनं तर सकाळी फोनवर माझ्याशी बोलायला नकार दिला होता, खेळात होती म्हणून. तरी डोळ्यांना पाणी आलं. रखवालीला बसलेल्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि काहीच न बोलता खुर्ची पुढे केली. मूल आत ठेवायची ती खिडकी १८७५ साली बंद झाली. आपल्याकडे पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी विधवांच्या बाळांसाठी घर उघडलं ते १८६३ साली. सातवी-आठवीला मी हे शिकवते. यापुढे शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे ती अर्धी पदकं येणार.

मोठ्या चौकाबद्दल, म्हणजे पियात्सा देल्ला सिन्योरियाबद्दल, थोडक्यात सांगते, कारण त्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. उंच मनोऱ्याचा जुना राजवाडा, समोर मिकेलांजेलोचा डेव्हिड. तो मात्र खरा नव्हे. खरा १५०४ ला इथे उभा केला, १८७३ ला एका संग्रहालयात हलवला, आणि १९१० पासून इथे नक्कल आहे. उघडाच आहे बरं का. सासूबाई असत्या तर पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत म्हणाल्या असत्या, “हात मात्र छान काढल्यात.” आणि ते खरंच आहे, हातच बघत राहावे असे आहेत. याच चौकात पालिकेनं पिण्याच्या पाण्याचा नळ ठेवला आहे, बाटली तिथेच भरून घ्यावी. कॉफी घ्याल ती दुकानात उभ्यानं घ्या. बसलात की तीच कॉफी दुपटी-तिपटीनं महाग. आणि कॉफी घेतली की तिथली बाथरूम हक्कानं वापरता येते. आपल्या बायकांच्या दृष्टीनं घुमटापेक्षा ही माहिती मोलाची आहे, हे मला ठाऊक आहे.

खाण्याची मला धास्ती होती. धपाटे आणि मेतकूट नेलं होतं, ते निम्मं परत आलं. तिथला पाव अळणी असतो, पिठात मीठच घालत नाहीत. पहिला घास लागला कसातरीच. पण त्याच शिळ्या पावाची तिथल्या बायका एक भाजी करतात, ‘रिबोल्लीता’ नावाची. पांढरे घेवड्याचे दाणे, पालेभाजी, गाजर, कांदा, टोमॅटो शिजवायचे, त्यात शिळा पाव घालायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळायचं. नावाचा अर्थच ‘पुन्हा उकळलेलं’. वरून कच्चं ऑलिव्ह तेल. उरलेल्या पोळ्यांच्या लेखावर ज्यांनी पत्रं लिहिली त्यांना सांगते, आपली फोडणीची पोळी आणि ही सख्ख्या बहिणी आहेत. मांसाचं पाणी घातलंय का ते मात्र विचारून घ्यावं.

आता महाराजांचं सांगते.

राजाराममहाराज, म्हणजे दुसरे राजाराम, १८५० चा जन्म. सोळाव्या वर्षी कोल्हापूरच्या गादीवर आले. इंग्रजी शिकले. १८७० मध्ये समुद्र ओलांडून इंग्लंडला गेले. तेव्हा समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं, आणि संस्थानिकांपैकी असं धाडस करणारे ते अगदी पहिल्यांत होते. तिथे व्हिक्टोरिया राणीला भेटले, पार्लमेंट पाहिलं, रोजच्या रोज इंग्रजीत डायरी लिहिली. ती डायरी १८७२ ला लंडनमध्ये छापली गेली, पण ते पाहायला लिहिणारा नव्हता. हिवाळ्याच्या तोंडावर युरोपातून परतताना ते आजारी पडले, कसेबसे फ्लोरेन्सला पोचले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच गेले. वय वीस. माझ्या धाकट्या भाच्याएवढं.

त्या वेळी फ्लोरेन्स इटलीची राजधानी होती. प्रेत जाळायला तिथे कायद्यानं परवानगी नव्हती. बरोबरच्या मंडळींनी आपल्या रीतीनंच दहन करू द्यावं असा आग्रह धरला, धावपळ झाली, आणि परवानगी मिळाली. गावाबाहेर, आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा संगम आहे तिथे रात्री चिता रचली. बघायला गाव लोटलं होतं. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभारली, आत महाराजांचा अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मँटसाहेबांचा. आपल्या नव्या राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच.

ही जागा गावाच्या पश्चिमेला, एका लांबच लांब बागेच्या अगदी टोकाला आहे. मी आदल्या रात्री यांना म्हटलं, “उद्या मी तिकडे जाऊन येते.” हे नकाशा बघून म्हणाले, “एकटी? एवढ्या आडबाजूला? शनिवारी दोघं टॅक्सीनं जाऊ, दहा मिनिटांचं काम.” मी म्हटलं, “टॅक्सीनं नको.” का नको ते मला नीट सांगता येईना. हॉटेलपासून त्या टोकापर्यंत त्यांना रात्रीच्या थंडीत नेलं, तेवढं अंतर आपण निदान चालावं, असं काहीसं माझ्या मनात होतं. पण बोलताना ते बावळट वाटलं असतं. “उद्या मंगळवार आहे,” एवढंच म्हणाले. अंबाबाईचा वार. हे गप्प बसले, पण राग आलाय हे पांघरूण ओढण्यावरून कळतंच.

सकाळी नऊला पोंते वेक्यो, म्हणजे ‘जुना पूल’, इथून सुरुवात केली. १३४५ चा पूल, दोन्ही कडांना दुकानं, आणि सगळी सोनारांची. आपली गुजरीच नदीवर टांगल्यासारखी. पूर्वी इथे खाटीक होते. १५९३ ला तिथल्या राजानं वास सहन होईना म्हणून खाटकांना उठवलं आणि सोनारांना बसवलं. दुकानांच्या डोक्यावरून एक बंद वाट गेली आहे, १५६५ ला पाच महिन्यांत बांधलेली, राजघराण्यातल्या माणसांना रयतेत न मिसळता घरातून कचेरीत जाता यावं म्हणून. मला त्यांची दयाच आली. खाली एवढी मजा चाललेली, आणि ते वरून झरोक्यातून बघणार!

१९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं नदीवरचे बाकी सगळे पूल उडवले, हा एकच ठेवला. पुढचा सांता त्रिनिता पूल लोकांनी नदीतून मूळचे दगड काढून पुन्हा जसाच्या तसा बांधला. त्याच्या कोपऱ्यावर वसंत ऋतूची मूर्ती आहे, तिचं डोकं काही सापडेना. ते १९६१ मध्ये नदीच्या तळाशी मिळालं. मानेवरचा सांधा अजून दिसतो.

नदी डाव्या हाताला धरून चालत राहिलं की ओन्यीसांती चर्चचा चौक लागतो. इथल्याच एका हॉटेलात महाराज गेले. तिथे थोडी थांबले. चौकात गाड्या लागलेल्या, एक माणूस दुकानाची काच पुसत होता. मी नदीकडे बघितलं, चालायला लागले.

वीसेक मिनिटांत बाग सुरू झाली. बागेचं नाव ऐकून मी पहिल्यांदा थक्क झाले होते: ‘काशीने’. आपल्या काशीशी काही संबंध नाही, इटालियन भाषेत त्याचा अर्थ दुभत्या जनावरांचे गोठे. जुन्या राजघराण्याचे गोठे होते तिथे. मंगळवारी बागेच्या सुरुवातीलाच मोठा बाजार भरतो. स्वेटर, पातेली, चादरी, भाजी, सगळं. माझ्यासारख्याच बायका, चाकांच्या पिशव्या ओढत, कापड चिमटीत धरून बघत, भाव ऐकून नाक मुरडत. मीही धाकटीसाठी लोकरीची टोपी घेतली. म्हणजे हातात पिशवी आलीच शेवटी!

बाजार संपला आणि मग खरी बाग लागली. साडेतीन किलोमीटर लांब, एका बाजूला नदी. चिनाराच्या जातीची उंच झाडं, खाली पिवळ्या पानांचा सडा. सुरुवातीला धावणारी, सायकलवाली माणसं होती, मग विरळ होत गेली. एके ठिकाणी तर पुढेमागे कुणीच नाही. हे म्हणाले ते बरोबर होतं का, असं वाटून पाय मंदावले. तेवढ्यात मागून एक आजीबाई आल्या, कुत्रं घेऊन, आणि मला ओलांडून पुढे गेल्या. सत्तरीच्या पुढच्या. मग काय, मी त्यांच्या मागोमाग. तुम्हांलाही सांगते, सकाळचीच वेळ धरा. अंधार पडल्यावर तिकडे जाऊ नये.

पुलापासून साधारण पाच किलोमीटर. रंकाळ्याची एक फेरी होते तेवढंच म्हणा. आणि झाडी संपताना ती छत्री दिसली. नक्षीदार खांब, वर घुमट, आत पागोटं घातलेले महाराज. अंगावर रंगीत पोशाख, दागिने, आणि चेहरा अगदी पोरसवदा. पंचगंगेच्या काठी अशा छत्र्या पाहत मी वाढले, पण मागे ती परकी झाडं आणि पलीकडे गाड्यांचा पूल. त्या मोठ्या पुलाला, १९७८ मध्ये पुरा झालेल्या, नाव ‘इंदियानो’ आहे. हिंदी माणसाचा पूल. आसपासच्या लोकांना राजाचं नाव सांगता येणार नाही कदाचित, पण रोज हजारो गाड्या त्यांच्या नावावरून जातात.

सभोवती लोखंडी कठडा. पायाशी पोचता येण्यासारखं नव्हतं. चबुतऱ्याला चहूबाजूंनी लेख आहेत वेगवेगळ्या भाषांतले. कठड्याबाहेरून मला इंग्रजी तेवढं लागलं. पुडी हातात घेऊन मी उभी राहिले. आत हात घालून कुंकू टाकता आलं असतं. पण दगडावर कुंकवाचा डाग कसा बसतो ते मला चांगलं माहीत आहे, आणि ती जागा कुणीतरी निगुतीनं राखलेली दिसत होती. आजीबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, “इंदियाना?” मी मान हलवली. मग पुतळ्याकडे बोट करून म्हणाल्या, “प्रिंचिपे,” आणि गालावर हात ठेवून मान वाकडी केली. गेला बिचारा, अशा अर्थानं.

मी खाली संगमाकडे गेले. लहान नदी मोठीला मिळते ती जागा फार देखणी नाही. गढूळ पाणी, काठाला रान माजलेलं. तिथे कुंकू पाण्यात सोडलं. हात जोडले. काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून “कोल्हापूरहून आलेय,” असं म्हटलं.

परत येताना मोबाइल बघितला तर यांचे चार फोन येऊन गेलेले. जाकिटाच्या आतल्या खिशात होता, ऐकू आला नव्हता. मी फोन केला. “आहेस कुठे तू?” एवढंच मोठ्यानं म्हणाले आणि मग जरा वेळ दोघंही बोललो नाही. चूक माझी होती. एकटीनं फिरायचं तर फोन हाताशी ठेवावा, घरच्याला मध्ये एकदा कळवावं, हे मी तुम्हांला सांगायचं आणि मीच विसरायचं! बाजारापाशी ट्राम मिळते, ती धरून स्टेशनला आले. टाच सोलली होती. संध्याकाळी हे येताना औषधाच्या दुकानातून चिकटपट्टी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना फोन लावला. कुंकू पायाशी ठेवता आलं नाही, नदीत सोडलं, असं चाचरत सांगितलं.

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “एकटी गेलतीस?”

“हो.”

“चालत?”

“हो आई.”

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. “आन् बागेचं नाव काय म्हणालीस?”

“काशीने.”

“काशीच की गं मग,” त्या म्हणाल्या. गोठ्यांचा अर्थ माझ्या जिभेवर आला होता, पण मी बोलले नाही. मग त्यांनी विचारलं, की तिथं जेवायला काय मिळतं, आणि धाकटीला फोन दिला. तिला फक्त टोपीचा रंग ऐकायचा होता.